न वाजणारा कीबोर्ड

जोमार गुम्बानला डोळे मिटून बसवायचं आणि शेजारच्या खोलीत कुणालाही टाइप करायला सांगायचं. बटणांखाली कुठल्या जातीचे स्विच आहेत, त्यांना तेल दिलंय की कोरडेच आहेत, खालचा पत्रा पितळेचा की साधा, हे तो बसल्या जागी सांगायचा. आम्ही पैजा लावून पाहिल्या होत्या. हरायचो.

फिलिपीन्समधल्या आमच्या इलोइलो शहरात मेकॅनिकल कीबोर्डचं वेड लागलेली आम्ही मोजकी माणसं. रविवारची चर्चमधली मिसा आटोपली की मोलो भागातल्या एका बेकरीच्या माडीवर जमायचो. प्रत्येकाच्या काखेत पिशवी, पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळलेला आपापला कीबोर्ड. कॉफी थंड व्हायची आणि आम्ही एकमेकांची बटणं दाबून माना डोलवत बसायचो. घरच्या बायका आम्हाला 'टकटक संप्रदाय' म्हणायच्या. जोमार या संप्रदायाचा बुवा. दिवसा तो पाण्याच्या पंपांच्या दुकानात काउंटरवर असे. पण खरा जीव घरच्या त्या लांबलचक टेबलाच्या डाव्या अर्ध्या भागात. तिथे भिंतीवर फळ्या ठोकून त्यानं कीबोर्ड मांडले होते. एक ॲल्युमिनियमचा, उचलताना इस्त्री उचलल्यासारखा. एक हस्तिदंती रंगाचा. एक तर असा, की त्याच्या बटणांवरच्या टोप्या त्यानं वर्षभर वाट पाहून मागवल्या होत्या. त्यांच्या आवाजाचे छोटे व्हिडिओ करून तो नेटवर टाकायचा, आणि मनिलापासून सेबूपर्यंतचे लोक ते कानात घालून ऐकायचे.

टेबलाचा उजवा अर्धा भाग त्याच्या बायकोचा, नेरिसाचा. परदेशातले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकीकत बोलून ठेवतात. ती ऐकून टाइप करून द्यायची, हे तिचं काम. कानाला हेडफोन, पायाखाली शिवणयंत्रासारखं एक पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प होतो. सकाळी बसली की संध्याकाळपर्यंत. तिच्यासमोरचा कीबोर्ड कंपनीनं दिलेला: काळा, चपटा, रबरी बटणांचा, अक्षरं पुसली गेलेला. तो इतकी वर्षं तिथे होता, की जोमारला तो दिसेनासाच झाला होता.

नेरिसाच्या थोरल्या बहिणीला, मानांग एडनाला, उशिरानं मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी नेरिसा तिची धर्ममाता. पांढऱ्या झग्यातलं बाळ तिच्या हातावर, जोमार मागे मेणबत्ती धरून, पाद्रीबाबांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं, आणि नेरिसा एकदम वळली.

"धर हिला," ती म्हणाली.

"अगं, मेणबत्ती..."

"मेणबत्ती टाक. आत्ताच्या आत्ता धर!"

मेणबत्ती फरशीवर पडून विझली आणि बाळ जोमारच्या हातात आलं. ते रडलंसुद्धा नाही. मागच्या बाकावरच्या एका मावशीनं तोंडासमोर हातपंखा धरून म्हटलं, "स्वतःचं नाही ना अजून, सवय कुठून असणार!" दोघी-तिघी हसल्या. नेरिसाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती उभी राहिली, सगळं पार पडेपर्यंत.

बाहेर अंगणात आल्यावर जोमार तिला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढं घाबरायला काय झालं? बाळच होतं."

"घाबरले नव्हते. मला ती कळत नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे हातात आहे की निसटतेय, ते कळत नव्हतं. डोळ्यांना दिसत होती म्हणून माहीत. बोटांना काहीच नाही. लाकडाची झाल्यासारखी."

"केव्हापासून होतंय हे?"

नेरिसानं त्याच्याकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. त्याला ते आठवलं, आणि आठवायला वेळही लागला नाही, हे जास्त वाईट. जानेवारीत, दिनाग्यांगच्या जत्रेचे ढोल रस्त्यावर वाजत असताना ती हात झटकत, त्यांच्या नेहमीच्या लाडाच्या हाकेनं म्हणाली होती, की लांगा, बोटांना मुंग्या येतात रे, झोपेतून उठवतात. तो तेव्हा नव्या कीबोर्डाच्या पेटीचे स्क्रू आवळत होता. मान वर न करता म्हणाला होता, "खुर्ची जरा उंच कर." एवढंच.

जेवणाला एडनाच्या घरी सगळे जमले. सासूबाई, नानाय कॉन्सिंग, डुकराच्या भाजलेल्या कातडीचा कुरकुरीत तुकडा जावयाच्या ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "जोमार, बाळा, तुझ्या त्या टकटक पेट्या भिंतीवर कशा मांडल्यास? संतांच्या मूर्तींसारख्या ना?"

"छंद आहे, नानाय."

"असू दे की छंद. माझा नवरा कोंबडे झुंजवायचा, मला छंदाचं काय सांगतोस. पण त्याचे कोंबडे मक्याचे दाणे खायचे तेव्हा माझ्या ताटातही भात असायचा. माझी पोर त्या मेलेल्या काळ्या पाटीवर बोटं झिजवते, ती कुणाची?"

"ती कंपनीनं दिलीये, नानाय. त्यांचंच वापरायचं असतं असं..."

"कंपनीला दिली होती का रे मी माझी मुलगी?"

टेबलावर हशा पिकला. जोमारही हसला. मग तो तुकडा त्यानं ताटाच्या कडेला सारला.

डॉक्टरीणबाईंनी नेरिसाचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले, मनगटावर टिचक्या मारल्या, तारा लावून नस तपासली. मनगटातून जाणारी नस दबली आहे, म्हणाल्या. हाताला पट्टा बांधा, थोडे दिवस काम बंद, त्यानंतर बसण्याचं आणि टाइप करण्याचं साधन बदला. तरी उतार पडला नाही तर छोटंसं ऑपरेशन. उजवा हात जास्त गेलाय.

"कीबोर्ड कसला आहे?" त्यांनी विचारलं.

जोमारनं सवयीनं तोंड उघडलं. या प्रश्नावर तो तासभर बोलू शकत असे. पण बायकोच्या कीबोर्डाबद्दल सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. किती जाड, बटणं किती जड, मनगट कुठे टेकतं, काही नाही.

"काळा आहे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं नेरिसासाठी कीबोर्ड शोधायचं काम अंगावर घेतलं. दुकानातून आला की बूटही न काढता बसायचा. दोन तुकड्यांचे कीबोर्ड असतात, डावा हात वेगळा, उजवा वेगळा, म्हणजे मनगटं आत वळवावी लागत नाहीत. ते तुकडे मधून उचलून तंबूसारखे तिरके करता येतात, म्हणजे तळवे पालथे पडत नाहीत. काहींत बटणं उभ्या ओळीत लावलेली असतात, बोटांच्या लांबीप्रमाणे खालीवर. स्विचचे तर मूळ तीन वाण: एक सरळ खाली जाणारा, दुसऱ्यात मध्येच बोटाला खडा लागल्यासारखं होतं, तिसरा खड्यासकट टिचकी वाजवणारा. मग प्रत्येकाची स्प्रिंग हलकी की जड. जोमार कागदावर चित्रं काढायचा, लोकांना फोन करायचा, सिंगापूरच्या कुणाशी तरी अर्धा तास भांडला.

नेरिसा उजव्या हाताला पट्टा बांधून खाटेवर बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "शीळ घालतोयस."

"हं?"

"मघापासून शीळ घालतोयस."

जोमार थांबला. खरंच होतं. गेले काही दिवस तो मजेत होता. बायकोची बोटं बधिर झाली होती आणि त्याला नवं खेळणं सापडलं होतं. त्यानंतर त्यानं शीळ घातली नाही, पण ती बंद करावी लागते आहे, हे त्याला रोज कळत राहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे बेकरीऐवजी त्याच्या घरी गेलो. त्यानंच बोलावलं होतं: आपापले चांगले कीबोर्ड आणा, नेरिसाला हात लावून पाहू दे. आमच्यातल्या बोयेतनं त्याचा टिचकीवाला आणला. मी दोन तुकड्यांचा, चुलतभावाकडून मागून. नेरिसाला टेबलाशी बसवलं आणि आम्ही तिच्याभोवती कोंडाळं केलं.

"हा ऐका," बोयेत म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून हात घालून बटणं दाबली. "लाकडी पाटावर सोंगट्या पडाव्यात तसा!"

"सोंगट्या कसल्या, पत्र्याचा डबा," दुसरा म्हणाला. "याला आतून फोम घाल आधी."

"फोम घातला की आवाजाचा जीव जातो."

"तुझ्या आवाजाला जीव होता कधी?"

"नेरिसाला ना खड्याचा स्विच पाहिजे," जोमार म्हणाला. "बटण लागलं ते खड्यावरच समजतं, तळापर्यंत आपटावं लागत नाही. बोटांना आराम."

"पण मग तो जरा खोल आवाजाचा घे, भावा. व्हिडिओत छान येईल."

नेरिसानं पट्टा बांधलेला हात टेबलावर ठेवला. जोरात नाही.

"झालं?" ती म्हणाली.

बोयेतनं बटणांवरून हात काढला.

"मी दिवसभर काय करते, माहितीये तुमच्यापैकी कुणाला?"

"टाइपिंग," बोयेत म्हणाला.

"ऐकते. टाइपिंग नंतरचं. एक डॉक्टर तोंडात घास ठेवून बोलतो. एक गाडी चालवता चालवता बोलतो. रोग्याची साखर चढलीये म्हणाला की उतरलीये, ते त्या घासातून मला ओळखायचं असतं. चुकले तर कुणाला तरी भलतंच औषध जाईल. आणि तुम्ही माझ्या कानाशी पाट वाजवताय." ती जोमारकडे वळली. "मला आवाज नकोय. छान नको, खोल नको, मुळीच नको."

बोयेत हळूच पुटपुटला, "मग मेकॅनिकल घेऊन उपयोग काय?" त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. आम्ही भराभर फडकी गुंडाळली. नेरिसानं आम्हाला इबोस, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात, आणि आंब्याच्या फोडी खाऊ घातल्याशिवाय मात्र सोडलं नाही, डाव्या हातानं वाढून.

पुढचं मला नेरिसानं सांगितलं, बरंच नंतर.

आम्ही गेल्यावर जोमारनं ड्रॉवरमधून एक छोटी पट्टी काढली. तिच्यावर वेगवेगळ्या जातींचे सुटे स्विच बसवलेले होते, दाबून पाहायला. तो तिच्याशेजारी खाली बसला, म्हणाला, "आवाजाचं सोड. तुझ्या बोटांना काय बरं वाटतं ते सांग." पट्टा सोडला आणि तिची तर्जनी एका स्विचवर ठेवली.

"दाब. हळू. मध्येच एक खडा लागेल. लागला?"

"कुठे?"

"अर्ध्यावर. पुन्हा दाब."

तिनं दाबलं. "गेलं की खाली सरळ."

"हा मोठ्या खड्याचा आहे. हा बघ. याच्याइतका मोठा खडा कशातच नाही."

"नाही कळत, लांगा."

जोमारला वाटलं, ती नीट दाबत नाहीये. त्यानं तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोन्ही बोटं मिळून दाबली. खडा त्याला लागला. तिच्या बोटातून आरपार येऊन त्याच्या बोटाला लागला. तिनं मात्र त्याच्याकडे पाहिलं, झालं का, अशा चेहऱ्यानं.

त्यानं तीनदा दाबून पाहिलं. मग पट्टी तिथेच ठेवून उठला, मागच्या दारी गेला आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिला. हात स्वच्छच होते. ज्या बोटांना एवढासा खडा समजत नव्हता, त्याच बोटांनी ती कित्येक महिने त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, काम करत होती. आणि तो पलीकडे बसून दोन स्विचमधल्या केसाएवढ्या फरकावर भाषणं देत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर जोमारची सूचना आली. भिंतीवरचे सगळे कीबोर्ड विकायचे आहेत. खाली लिहिलं होतं, बायकोच्या हातांसाठी. आमच्यात खळबळ उडाली. कुणी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली, कुणी 'नवरा असावा तर असा' लिहिलं. बाकोलोदचा एक जण बोटीनं येऊन घेऊन जातो म्हणाला.

नेरिसाला हे कळलं ते मासळीबाजारात, बोयेतच्या बायकोकडून. 'नशीबवान आहेस हो, इंदाय, बाई,' असं म्हणून तिनं नेरिसाचा दंड दाबला. नेरिसा घरी आली तेव्हा जोमार ॲल्युमिनियमचा कीबोर्ड फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळत होता.

"ते ठेव खाली," ती म्हणाली.

"नाही. मी ठरवलंय. मला ते डोळ्यांसमोर नकोत."

"तुला नकोत तर वीक. माझं नाव कशाला लावलंस?"

"तुझ्यासाठीच विकतोय म्हणून."

"माझ्यासाठी? हे सगळे विकले तर माझ्या मनगटातली नस सुटणार आहे? ऑपरेशन लागलंच तर कंपनीच्या विम्यातून होईल, कीबोर्डला माझा बोनस आहे. विकून हलकं कुणाला वाटणार? तुला. आणि बाजारात बायका माझा दंड दाबून सांगणार, काय बाई नवरा! मी काय म्हणू त्यांना? हो म्हणू?"

जोमार प्लास्टिक हातात धरून उभा राहिला. "मग मी काय करू, नेरिसा? तू शिव्या घाल. मला चालेल. तू मला काही बोलतच नाहीस."

"बोलले होते. एकदाच नाही."

"खुर्चीचं आठवतं मला."

"खुर्चीचं आठवतं," ती म्हणाली. "आणि तो हस्तिदंती? माझा बंद पडला होता, कंपनीचा दुसरा यायला वेळ होता, म्हणून तुझा घेतला होता मी. दिवसभर टाइप केलं. संध्याकाळी तू आलास."

जोमारनं आठवायचा प्रयत्न केला.

"मी काही बोललो?"

"म्हणालास, 'हे काम करायचे कीबोर्ड नाहीत, लांगा.' हसतच म्हणालास. आणि रुमाल काढून एकेक बटण पुसायला बसलास. मी समोर उभी होते. मी हात धुऊन बसले होते त्यावर, जोमार. आंबासुद्धा खाल्ला नव्हता दुपारी, डाग पडेल म्हणून."

त्याला आठवत नव्हतं. तो दिवस, तो रुमाल, तिचं समोर उभं राहणं, कशाचाच मागमूस नव्हता डोक्यात. भांडण झालं असतं, शिवी दिली असती, तर राहिलं असतं. त्यानं तिला दुखवलं होतं आणि त्याच्यापुरती ती एक साधी संध्याकाळ होती. 'असं मी म्हणालोच नसेन' असं ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा पाहून कळलं की म्हणाला होता.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"करीन," नेरिसा म्हणाली. "आज नाही होत. आधी ती सूचना काढ."

त्यानं काढली. बाकोलोदवाल्याला त्यानं नुसतंच 'विचार बदलला' असं लिहिलं. ग्रुपवर त्याची बरीच थट्टा झाली. 'बुवांना संसार सुटेना!' त्यानं ती ऐकून घेतली, आणि मला वाटतं, खरी शिक्षा म्हणून कुठली त्याला पुरली असेल तर तीच थोडीफार.

हारोच्या बाजूला एक दुकान आहे, तिथे बसून हात लावून कीबोर्ड बघता येतात. पुढच्या शनिवारी दोघं शेअरच्या जीपनीतून गेले. दारात नेरिसा म्हणाली, "तू बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

"तोंडही वाकडं करायचं नाही."

तो हात खिशात घालून मागे उभा राहिला. दुकानातल्या पोरीनं त्याला ओळखलंच. "सर, तुम्ही ते ना? आवाजाचे व्हिडिओवाले? मग मॅडमना काय दाखवायचं ते तुम्हीच सांगा!"

"आज मी पिशवी धरायला आलोय," जोमार म्हणाला.

नेरिसा हसली. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा, असं ती मला म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं.

तिनं घाई केली नाही. प्रत्येकासमोर खुर्ची ओढून बसायची, डोळे मिटायची, खांदे सैल सोडायची. वाकलेल्या पाठीचा एक अख्खा कीबोर्ड होता, तो तिच्या करंगळीला लांब पडला. उजवी करंगळी ओळ संपवायचं एंटरचं बटण गाठायला दर वेळी ताणावी लागते, हे तिनं त्या पोरीला सांगितलं आणि मागे उभ्या जोमारला ते प्रथमच ऐकू आलं. एकाची बटणं इतकी जड, की दोन ओळींत दंड भरून आला. अखेर दोन तुकड्यांच्या एका कीबोर्डाशी ती बसली. तुकडे खांद्यांच्या रुंदीइतके लांब सरकवले, आतल्या कडा उचलून तिरके केले. दोन्ही हात असे आले, जसे मोठं टरबूज धरायला पुढे करावेत. एंटरचं बटण इथे अंगठ्याखाली होतं. स्विच सरळ खाली जाणारे, सर्वांत हलक्या स्प्रिंगचे, आत रबराची गादी बसवलेले. ती टाइप करू लागली तेव्हा दुकानातल्या पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता.

जोमारच्या मनात आलं, टोप्या स्वस्त प्लास्टिकच्या आहेत, महिन्याभरात चकाकायला लागतील. पेटी आतून पोकळ आहे. तो खिशात मुठी वळून उभा राहिला.

"हा," नेरिसा म्हणाली.

घरी आल्यावर सुख लगेच मिळालं, असं नाही. बोटांना जुन्या पाटीच्या वाटा पाठ होत्या; नव्यावर ती पहिलीतल्या मुलीसारखी चाचपडायला लागली. सगळ्यात छळलं ते बी या अक्षरानं. ती ते आयुष्यभर उजव्या हातानं मारत आली होती आणि इथे ते डाव्या तुकड्यात गेलं होतं. उजवं बोट सवयीनं पुढे जायचं आणि दोन तुकड्यांमधल्या रिकाम्या जागेत टेबलावर आपटायचं. डॉक्टरांच्या बोलण्यात तर पावलोपावली तेच अक्षर. एका दुपारी तिनं हेडफोन काढून टेबलावर फेकला आणि रडली.

"बी डाव्या हातानं मारायचं असतं खरं तर," असं जोमारच्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं. त्यानं ते गिळलं. "उजव्या तुकड्यात आतल्या बाजूला एक बटण रिकामं आहे," तो म्हणाला. "त्याच्यावरही बी बसवून देऊ? दोन्हीकडे राहील."

"असं करता येतं?"

"येतं. तू सांगशील ते सांगशील तिथे बसवता येतं."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"तू बोलू नकोस म्हणाली होतीस."

"दुकानात म्हणाले होते, मूर्खा," ती म्हणाली, आणि नाक पुसून सरकून त्याला जागा करून दिली. ती सांगत गेली, तो बसवत गेला. डॉक्टर ज्या लांबलचक शब्दांची पुन्हा पुन्हा आवर्तनं करतात, ते एका बटणात. पेडलवर पाय अवघडतो म्हणून थांबा-चालूचं बटण डाव्या अंगठ्याखाली. तिच्या कामात काय काय असतं ते त्याला असं एकेका बटणानं कळलं.

कीबोर्डानं हात सैल झाला, खांद्याची कळ गेली, डाव्या हाताच्या मुंग्याही गेल्या. उजव्याला मात्र उशीर झालेला होता. ऑपरेशन करावं लागलं. ती बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाई जोमारला म्हणाल्या, नस मोकळी केलीये, पण फार दिवस दबलेली होती. काही परत येईल, काही येईल की नाही ते वेळ ठरवेल. थोडं आधी आला असतात तर. त्यांनी सहज म्हटलं होतं, तक्रारीच्या सुरात नाही. जोमारनं मान हलवली. हे वाक्य त्यानं कुणालाही सांगितलं नाही, नेरिसालाही नाही. फक्त मला सांगितलं, बेकरीच्या जिन्यात, एका रविवारी तो कीबोर्ड न घेता आला होता तेव्हा.

टाके निघेपर्यंत त्यानं तिची वेणी घातली, मासे निवडले, तिचे कपडे धुतले. नानाय कॉन्सिंग येऊन बघून गेल्या. वेणी पाहून म्हणाल्या, "दोरखंड वळलाय की काय!" आणि ती सोडून पुन्हा घातली. पण जाताना जावयासाठी आणलेला सूपाचा डबा त्याच्याच हातात दिला.

अंगठ्यात जाणीव परत आली, तर्जनीतही. मधलं बोट तसंच राहिलं, अर्धवट झोपेत असल्यासारखं. नेरिसा कामावर रुजू झाली. भिंतीवरचे कीबोर्ड भिंतीवरच होते. जोमार आता तिकडे पाठ करून बसायचा. आणि विचारायचा. दुकानातून फोन करून, दारातून आत येता येता, जेवताना.

"दुखतंय?"

"नाही."

थोड्या वेळानं, "मुंग्या?"

"नाहीत."

एका संध्याकाळी तिनं हेडफोन गळ्यात उतरवला. "जोमार, मी काय तुझ्या दुकानातला पंप आहे? येता-जाता हात लावून बघतोस, गरम झालाय का."

"मग काय विचारू?"

"दुसरं काहीतरी विचार. जगात दुसरं काही नाही का?"

जोमारनं खुर्ची तिच्याकडे ओढली. मग म्हणाला, "आज कोण बोललं?"

नेरिसानं खुर्ची वळवली. नावं सांगता येत नाहीत, ती म्हणाली, रोग्यांचं तर काहीच नाही. पण एक म्हातारा डॉक्टर आहे, त्याच्या घरी कुत्रं आहे. तो रोग्याच्या आतड्यांबद्दल गंभीरपणे बोलत असतो, मध्येच कुत्रं भुंकतं, आणि तो त्याच गंभीर आवाजात म्हणतो, 'खाली बस, गाढवा, ते माझं सँडविच आहे,' आणि पुन्हा आतडी. एकदा नवीन लागलेल्या मुलीनं ते सगळं अहवालात टाइप करून पाठवलं होतं. नेरिसानं डॉक्टराचा आवाज काढून दाखवला, कुत्र्याचाही. जोमार पोट धरून हसला. इतकी वर्षं ती असे आवाज काढू शकते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि गाडीवाला?" त्यानं विचारलं.

"तो उद्या. आज एक अहवाल राहिलाय."

तिनं हेडफोन चढवला आणि हात दोन्ही तुकड्यांवर टेकवले. जोमार बघत राहिला. काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त बोटं हलताना दिसत होती. मधल्या बोटानं एक अक्षर दाबलं, थांबलं, खात्री नसल्यासारखं पुन्हा दाबलं. पडद्यावर ते दोनदा उमटलं. तिनं एक पुसलं आणि पुढे गेली.

जोमार उठून भात लावायला आत गेला.